एक्केचाळीस छत्र्या आणि एक खोळ

परदेशी टपाल आलं की मामा पाकीट हातभर लांब धरायचे, चष्मा कपाळावर चढवायचे, तिकिटाच्या कोपऱ्यावर हलकी फुंकर मारायचे आणि साऱ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करायचे, "ऊन हाय!"

म्हणजे तिकिटावर छत्री नाही. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या वेळी "पाऊस हाय!" असा पुकारा व्हायचा. मी पिंपरीच्या त्या कारखान्यात, खरेदी विभागात, लागलो त्याच आठवड्यात, भर एप्रिलमध्ये, तो माझ्या कानावर पडला आणि मी भाबडेपणानं उठून खिडकीशी गेलो. बाहेर शेडच्या पत्र्यांवर नजर ठरत नव्हती. मागे सगळं ऑफिस हसत होतं. टायपिस्ट बाईंनी मशीन थांबवून मला समजावलं, "अहो, तो मामांच्या पाकिटावर पडतोय."

मामा, म्हणजे साऱ्या ऑफिसचेच मामा, आवक-जावक विभागात कारकून होते. विभाग म्हणजे एक टेबल, दोन रजिस्टरं, रबरी शिक्के आणि ते स्वतः. राहायला थेरगावात. सातवी पास झालेले. कारखान्याची भिंत उभी राहिली तेव्हा ते शिपाई म्हणून लागले आणि अक्षर सुरेख म्हणून टेबलावर आले. मी भावकीतला पहिला बी.ए. माझा निकाल लागला तेव्हा वडिलांनी आमच्या गावात पेढे वाटले होते. मामांनी पहिल्याच दिवशी माझी पदवी ऐकली आणि माझं नाव कायमचं बाजूला ठेवलं. "काय ओ बीए, जेवला का?" त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी मला ठरलेली असायची.

आता छत्र्याच का, हे सांगायला हवं. तुम्ही एखाद्या कंपनीच्या ऑफिसात काम केलं असेल तर तुम्हाला ठाऊक असेल की तिथं रद्दीचीसुद्धा हुद्द्याप्रमाणे वाटणी होते. आमच्याकडे परदेशी तिकिटांची होई. पक्षी आणि फुलं मोठ्या साहेबांची. विमानं आणि आगगाड्या वर्क्स मॅनेजरांच्या. राजे-राण्या हिशेब विभागाच्या. चित्रकारांनी काढलेली चित्रं असतील तर ती खरेदी अधिकाऱ्यांची. तिकिटं कापून ज्याची त्याला पोचवायचं काम मामांचं, आणि त्यांच्या स्वतःच्या वाट्याला काहीच नाही. एकदा त्यांनी मोठ्या साहेबांना सरळ विचारलं, "साहेब, छत्र्या कुनाच्या?"

साहेबांनी थोडा विचार केला. "छत्र्या कुणाच्याच नाहीत."

"मंग आमच्या?"

"तुमच्या," साहेब हसून म्हणाले.

त्या दिवसापासून मामा जगातल्या यच्चयावत छत्र्यांचे मालक झाले. त्यांनी हजेरीचं एक कोरं मस्टर मिळवलं. त्यात ते भाताच्या शितांनी तिकिटं चिकटवत, आणि प्रत्येकाखाली आवक क्रमांक, तारीख, देश. वही टेबलाच्या खणात असायची. घरी का नेत नाही, असं मी एकदा विचारलं. "घर गळतंय ना," ते म्हणाले, "म्हनून छत्र्या हापिसात."

त्यांचे नियम कडक होते. राजाच्या डोक्यावरचं छत्र चालायचं नाही. "ती दुसऱ्यानं धरल्याली असती. आपली आपुन धरायची, ती छत्री." पॅराशूटवरून तर कँटीनमध्ये आठवडाभर वाद झाला. वर्क्स मॅनेजरांनी ते विमानात जमा करायला नकार दिला होता, आणि मामा म्हणत, "ज्याच्याखाली मानूस चालत न्हाई, लोंबतोय, ती कसली छत्री?" शेवटी ते तिकीट बिनवारशी म्हणून रद्दीत गेलं. एका तिकिटावर बाई, छत्री आणि फांदीवर पोपट असं सगळं एकत्र आलं, तेव्हा मामांनी ते चिठ्ठीसह मोठ्या साहेबांकडे पाठवलं: "पक्षी लहान आहे. छत्री मोठी आहे. निर्णय व्हावा." चिठ्ठी लाल शाईच्या शेऱ्यासह परत आली. "छत्री. मंजूर."

गंमत अशी, की या माणसाकडे खरी छत्री नव्हती. पावसाळ्यात ते थेरगावहून सायकलवर येत ते डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसला की झाली खोळ. गेटवरचा पहारेकरी रोज चिडवायचा, "मामा, एवढ्या छत्र्या, त्यातली एक उघडायची की राव!"

"सायकलवर छत्री उघडनारा मानूस एक दिस पवनेच्या पान्यात घावतोय," मामा खोळ झटकत म्हणायचे.

त्याच पावसाळ्यात माझ्यावर प्रसंग आला. माझी सहा महिन्यांची चाचणी-मुदत संपायला पंधरा दिवस उरले होते. एका जपानी बेअरिंगसाठी कोटेशन मागवलं होतं. ते यायला उशीर झाला आणि बेअरिंगवाचून एक मशीन चार दिवस बंद पडलं. वरून खरेदी अधिकाऱ्यांना विचारणा झाली. त्यांनी फाईल उघडली. पत्रावर तारीख होती दोन, आणि त्यांच्या टेबलावर ते आलं होतं सत्तावीसला. ते मला घेऊन मोठ्या साहेबांसमोर उभे राहिले. "विमानानं पत्र यायला आठ दिवस लागतात. बाकीचे दिवस ते या मुलाच्या खणात पडलेलं होतं."

मी म्हणालो, "साहेब, आवक रजिस्टरात सव्वीस तारीख आहे."

"रजिस्टर कोण लिहितो? मामा. आणि तुम्ही दोघं एका डब्यात जेवता." मग त्यांनी पाकीट टेबलावर टाकलं. "हे बघा साहेब. पोस्टाचा शिक्का जिथं असतो तो कोपराच कापलेला आहे. ऑर्डर जाईपर्यंत कोटेशनचं पाकीट अखंड ठेवायचं, हा नियम आहे. शिक्का कुणी नाहीसा केला आणि कशासाठी, हे काय सांगायला पाहिजे?"

तीन वाजेपर्यंत लेखी खुलासा द्यायचा होता. नाही पटला तर नोकरी तिथंच संपणार. मी जागेवर येऊन कागद घेतला. शाळेत शिकवलेलं होतं तेवढं नम्र इंग्रजी लिहून झालं, पुढे काही सुचेना. वडिलांनी वाटलेले पेढे आठवत होते. मामा जवळ आले. मी सगळं सांगितलं. पाकिटाचा कोपरा कापलाय, हेही सांगितलं.

ते एकदम खाली बसले. नेहमी 'तुमी' म्हणणारा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा 'तू'वर आला.

"बीए, सव्वीस तारखेला म्या काय म्हनलो हुतो, आठवतंय का तुला?"

"ऊन हाय म्हणालात."

"पाऊस हुता," मामा म्हणाले.

तिकिटावर वाऱ्यात छत्री तिरकी धरून चाललेली एक जपानी बाई होती. छत्री होती हे खरं, पण जुन्या चित्रकाराचं चित्रही होतं, म्हणजे वाटणीप्रमाणे ते खरेदी अधिकाऱ्यांकडे गेलं असतं. पोपटाला हरवता आलं होतं, अधिकाऱ्याला हरवणं कठीण. म्हणून मामांनी नोकरीत पहिल्यांदाच खोटं ऊन पुकारलं आणि कात्री चालवली. ती त्यांची एक्केचाळिसावी छत्री होती.

"मामा, तुमच्यावर चौकशी बसेल," मी म्हणालो. त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती.

"माजी नोकरी जुनी हाय. तिला एखादं ठिगळ चालतंय," ते म्हणाले, आणि मस्टर बगलेत मारून साहेबांच्या केबिनकडे निघाले. मी मागोमाग.

केबिनमध्ये त्यांनी वही उघडून एक्केचाळिसाव्या छत्रीवर बोट ठेवलं. "साहेब, चोर म्या हाय. शिक्का हितं हाय." तिकिटावर काळ्या शिक्क्याचं अर्धं वर्तुळ होतं, पण आकडे अर्धे तिकिटावर, अर्धे पाकिटावर. तिकीट वहीतून सोडवून पाकिटाला लावल्याशिवाय तारीख लागणार नव्हती. खरेदी अधिकारी नखानं उचकटायला पुढे झाले, तसे मामा मध्ये आले.

"हात लावू नगा. भाताचं शीत हाय. वडलं तर तारीख फाटंल. बशीभर पानी मागवा. धा मिन्टं लागतील."

मग आम्ही चौघं, म्हणजे मोठे साहेब, खरेदी अधिकारी, मामा आणि मी, एका चहाच्या बशीभोवती दहा मिनिटं उभे होतो. मामांनी वहीचा तेवढा तुकडा कापून पाण्यात सोडला होता. फोन वाजला, साहेबांनी "मीटिंगमध्ये आहे" म्हणून खाली ठेवला. माझी नोकरी त्या बशीत तरंगत होती. शेवटी बाई छत्रीसकट कागदापासून सुटली. मामांनी तिला टिपकागदावर वाळवलं आणि पाकिटाच्या कापलेल्या जागी ठेवलं. वर्तुळ पुरं झालं. आत स्वच्छ तारीख होती: अठरा. जपानी कंपनीनं पत्र दोन तारखेला टाईप केलं होतं आणि पोस्टात सोळा दिवसांनी टाकलं होतं.

साहेबांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मग टाचणी उचलली. "हा पुरावा आहे. फायलीत राहील."

मामा इतका वेळ ताठ उभे होते. आता ते पाकिटावर वाकले. "साहेब, येक इनंती. टाचनी छत्रीतनं नगा घालू. बाई भिजंल."

साहेबांनी टाचणी अगदी कोपऱ्यात, कातरलेल्या कडेतून घातली.

मी कायम झालो. मामांना ताकिदीचा मेमो मिळाला. मिळाला म्हणजे काय, कंपनीतून निघणारा प्रत्येक कागद जावक रजिस्टरातून जातो, म्हणून मामांनी स्वतःच्याच मेमोला स्वतःच्या सुरेख अक्षरात जावक क्रमांक घातला, पोचवही स्वतःसमोर धरली, "घ्या मामा," असं म्हणून स्वतःच सही केली आणि शिक्का मारला. टायपिस्ट बाई हसता हसता रडायला लागल्या. तिकिटांची वाटणी त्या दिवसापासून बंद झाली. परदेशी पाकिटं अखंड फायलीत जाऊ लागली. मामा तरीही फुंकर मारून बघायचे, पण पुकारा करत नसत.

निवृत्तीच्या दिवशी ते वही घेऊन घरी गेले. "येऊन जावा बीए," म्हणाले. मी जाईन जाईन म्हणत राहिलो. शिफ्ट, ओव्हरटाइम, लग्न, खोली बदलणं, हे सगळं झालं. थेरगाव सायकलवर अर्ध्या तासावर होतं आणि मी गेलो नाही. ते गेल्याचं मला कळलं तेव्हा मी गावी होतो.

ऐंशी साल उलटल्यावर जुन्या फायली रद्दीत काढायचं काम माझ्याकडे आलं. ती फाईल हाताला लागली. टाचणी गंजली होती, बाई मात्र कोरडी होती. मी रीतसर अर्ज केला: एक जुने, वापरलेले परदेशी तिकीट संबंधिताच्या घरी परत करण्यास परवानगी मिळावी. नव्या साहेबांना वाटलं मी चेष्टा करतोय, पण त्यांनी सही केली. तिकिटाला जावक क्रमांक घालून त्याच संध्याकाळी मी थेरगावला गेलो.

मामींनी मला ओळखलं ते न सांगता. "तुमीच बीए न्हवं?" आणि पत्र्याच्या पेटीतून वही काढून आणली. मी पान उघडलं. चाळीस छत्र्यांच्या शेवटी कापलेल्या तुकड्याची जागा तशीच होती. मागून नवा कागद लावून चौकोन आखला होता आणि खाली त्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं: "कंपनीच्या कामावर गेली आहे. परत येणे बाकी."

मामींनी वाटीत भाताची चार शितं आणून ठेवली. मी बाईला तिच्या जागी बसवलं.

"आता नंबर टाका की," मामी म्हणाल्या. "ते असते तर तसं ठिवलं नसतं."

मी आवक क्रमांक घातला, तारीख घातली, सही केली.

निघालो तर बाहेर चांगलाच पाऊस लागला होता. मामींनी घरभर नजर फिरवली, मग ओशाळून हसल्या. "छत्री काय न्हाई बगा आमच्याकडं." आणि खुंटीवरची खोळ काढून माझ्या डोक्यावर घातली. पवनेच्या पुलावर वारा तिरका होता. मी दोन्ही हातांनी हँडल धरून सरळ चालवत आलो. खोळीला अजून सायकलच्या तेलाचा आणि भाकरीचा वास होता.

ती खोळ माझ्या घरी खुंटीला आहे. मामी दोनदा भेटल्या, मागितली नाही. मीही दिलेली नाही.