सातवीच्या पोरांचा पिवळा पट्टा

"माणच्या दुष्काळी मुलखात जाऊन काय बघणार? धोंडे?" सांगलीतल्या, उसाच्या पैशावर पोसलेल्या आमच्या घरात नवरा असं म्हणाला आणि माझं ठरलंच. आता तर जाणारच! म्हसवडजवळच्या खेड्यात शिकवणारी माझी मैत्रीण सुरेखा दरवर्षी बोलवायची, "दिवाळीनंतर ये गं, आमच्या शाळेचा पट्टा बघायला."

सकाळची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट, उरलेल्यात भडंग येतो. तासगावपर्यंत द्राक्षबागा, विट्यात घाईघाईनं चहा. मायणी मागं पडली की हिरवं आटतं आणि आभाळ लय मोठं होतं. रस्ता बरा आहे, कंबर शाबूत राहते. म्हसवडला सिद्धनाथाचं दर्शन घेतलं, पुढं सुरेखाची स्कूटर.

तर पट्टा असा. सातवीची पोरं गाठी मारलेल्या दोरीला दगड बांधून गावातल्या विहिरींचं पाणी मोजतात, वर्गात हिशेब घालतात आणि शाळेच्या भिंतीवर रंगाचा पट्टा ओढतात. हिरवा आला तर कांदा लावा, पिवळा आला तर निम्माच, लाल आला तर हरभऱ्यावर भागवा. सक्ती कुणावर नाही.

"म्हणूनच जीव खालीवर होतोय," सुरेखा म्हणाली. "यंदा ब्रश सातवीतल्या ऋतुजाच्या हातात, आणि तिच्याच आबांनी अख्ख्या रानाला पुरेल एवढं कांद्याचं रोप टाकलंय. त्यांनी ऐकलं नाही तर गावात कुणीच ऐकणार नाही."

आबा म्हणजे ऋतुजाचे आजोबा, फौजेतून रिटायर झालेले. शाळेसमोर गाव जमलं होतं, त्यात मिशीला पीळ देत पुढंच बसले होते. ऋतुजानं डबा उघडला. पिवळा! सगळं गाव आबांकडं वळलं.

"आरं तिच्या! घरातलीच फितूर झाली की!" आबा गरजले.

पोरीनं पट्टा पुरा ओढला, मगच वळली. "आबा, हीर आपली हाय, पर खालचं पाणी समद्यांचं हाय. चैतात प्यायाचं काय, कांदा?"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. आबा उठले. "हिशेब कुणी शिकवला हिला?"

"मी," सुरेखा पुढं झाली.

"ब्येस शिकवला. ऑर्डर म्हंजे ऑर्डर! निम्मं रोप उपटा रं, आज समद्यांना पातीचा झुणका!"

काय टाळ्या पडल्या म्हणता! माझ्या डोळ्यांत तर कांदा चिरायच्या आधीच पाणी. बाजरीची भाकरी, झुणका, ठेचा. आबा स्वतः वाढत होते आणि ऋतुजाच्या ताटात दोनदा वाढलं. असा आनंद मी कितीतरी दिवसांत अनुभवला नव्हता.

घरी परतल्यावर पट्ट्याची, दोरी-दगडाची सगळी गोष्ट सांगितली आणि सासऱ्यांना विचारलं, "मामंजी, आपल्या विहिरीत पाणी किती आहे?"

"लय हाय."

"लय म्हणजे किती?"

"झालं! बाई शिकून आल्या," नवरा हसला. मामंजी मात्र हसले नाहीत.

सकाळी मी चहा घेऊन मळ्यात गेले. उसात मोटर नेहमीसारखी धो धो चालू नव्हती. मामंजी विहिरीच्या कठड्यावर वाकलेले, आणि नवरा दोरीला दगड बांधत होता. मला बघून म्हणाला,

"बघत काय उभी राहिलीस? गाठी किती अंतरावर मारायच्या, ते सांग."