ऐनवेळचा विषय

१२ जून २०२५ रोजी मी नीलिमा अंभोरे यांचे अंतिम वेतन प्रमाणपत्र तयार केले. एकूण वेतन रुपये ६१,४०८. बदली झालेल्या कर्मचाऱ्याला हा कागद नव्या कार्यालयात द्यावा लागतो, नाहीतर तिकडे पगार निघत नाही. नियमाप्रमाणे तो कार्यमुक्त झाल्यानंतर करायचा असतो. मी आधीच करून ठेवला. पंचायत समितीच्या लेखा शाखेत इतकी वर्षे काढल्यावर एवढे समजते की, सुटणाऱ्या माणसाला कागदासाठी परत यायला लावू नये.

नीलिमाताई ग्रामसेविका. मध्यंतरी शासनाने पदाचे नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी केले, पण गावात ते नाव कोणी घेत नाही. गावाच्या त्या 'मॅडम'. नेमणूक खडकदऱ्याला, आणि शेजारच्या दोन गावांचा अतिरिक्त कार्यभार. म्हणजे तीन सरपंच, तीन दप्तरे, तीन पाण्याच्या टाक्या आणि घरकुलाचे फोटो तीन ठिकाणचे. तालुक्याहून आणि जिल्ह्याहून जे निरोप मोबाईलवर येत, त्या प्रत्येकाच्या शेवटी 'तात्काळ' असे. दुपारी आमच्या शाखेत डबा खायला बसल्या की त्या मोबाईल डब्याच्या झाकणाखाली पालथा घालून ठेवत. तो थरथरला की झाकण वाजे, आणि आम्ही सगळे त्या झाकणाकडे बघत जेवायचो.

"उचला ना ताई, साहेबांचा असेल," कोणी म्हणे.

"साहेबांचाच हाय. म्हणून तं झाकलाय."

घर मंगरूळपीरला. नवरा विनोद तिथे पाण्याच्या मोटारींच्या वाइंडिंगचे दुकान चालवतो. मुलगी स्नेहा नववीत. वडील इंद्रभान एस.टी.त मेकॅनिक होते, ते वारले. त्यानंतर आई, बेबीताई, लेकीच्या घरी राहायला आल्या, कारण ही एकुलती एक. नीलिमाताई खडकदऱ्यात खोली घेऊन राहत आणि शनिवारी वाशीमला एस.टी. बदलून घरी जात. रविवारी जिल्ह्याची ऑनलाइन बैठक लागली नाही, तर त्याच संध्याकाळी परत, लागली तर सकाळीच.

चार वर्षांपासून बेबीताईंची आठवण जाऊ लागली होती. आधी चपला, मग गॅस, मग माणसे. जावयाला त्या दुकानदार समजत आणि "उधारी किती झाली?" असे विचारत. नातीला नीता म्हणत. नीता ही त्यांची लहानपणी वारलेली बहीण. नीलिमाताईंना मात्र त्या बरोबर ओळखत होत्या. दारात बघितले की म्हणत, "आली का माही नीलू? जेवली का?" डॉक्टरांनी सांगितले होते की हेही राहणार नाही. कधी जाईल ते सांगता येत नाही.

म्हणून विनंती बदली. तीन वर्षे अर्ज केल्यावर ती या मे महिन्यात झाली. मंगरूळपीर. त्यांच्या जागी प्रेमसिंग राठोड यायचे होते. सोमवारी चार्ज द्यायचा, मंगळवारी तिकडे हजर व्हायचे, असे ठरले.

प्रमाणपत्र बघून त्या हसल्या. "काका, तुमी तं मले हाकलायच्या घाईत हाय."

"विचार बदलाल म्हणून भीती वाटते."

"मी? मी तं आत्ता याच खुर्चीवरून उठून जाईन."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, खडकदऱ्यात विशेष ग्रामसभा होती. घरकुलाची यादी वाचून मंजूर करायची होती. अशा सभेला पंचायत समितीतून एक माणूस पाठवतात, तो मी होतो. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या घातल्या होत्या. सरपंच कस्तुराबाई अध्यक्षस्थानी. त्यांचा मुलगा लखन मोटारसायकलवर बसल्या बसल्या सगळी व्यवस्था बघत होता. नीलिमाताईंनी यादी वाचली. दोन नावांवर भांडण झाले आणि मिटले. मग त्यांनी विषयपत्रिकेतला शेवटचा विषय वाचला: अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.

हा विषय प्रत्येक सभेत असतो. त्यात कोणी नालीचे बोलतो, कोणी मोकाट कुत्र्यांचे. त्या दिवशी मारोतराव उठले. गावातले मोठे शेतकरी, वय सत्तरच्या पुढे, आवाज खणखणीत.

"माहा एक विषय हाय. मॅडमची बदली झाली म्हंते. कोनाले इचारून झाली?"

लोक हसले. नीलिमाताईही हसल्या. "मारोतभाऊ, विनंती बदली आहे ती. मीच मागितली होती."

"तुमी मागतली असन. आमी कुठं देऊन राह्यलो?"

टाळ्या वाजल्या. मारोतरावांना जोर आला. "मॅडमच्या आधी सहा वर्षांत चार ग्रामसेवक पाह्यले आमी. एकाचं तोंड पंधरा ऑगस्टले दिसे, अन् मंग सव्वीस जानेवारीले. हे बाई आली तवापासून नळाले पानी हाय. माहा ठराव लिवा. मॅडमची बदली रद्द झाली पाह्यजे."

"माहं अनुमोदन," मागून सुंदरबाई ओरडल्या. त्या मजुरी करतात. "दोन उन्हाळे झाले, डोक्शावर पान्याचा गुंड नाही घेतला म्या. बाईले जाऊ देनार नाही."

नीलिमाताईंचे हसू हळूहळू गेले. त्या उभ्या राहिल्या. सभेत त्या नेहमी प्रमाण मराठी बोलत. त्या दिवशी तेही सुटले.

"ऐका ना जरा. माही आई बिमार हाय. तिले काही आठोत नाही आता. फक्त मले वळखते. पुढच्या वर्षी वळखन का नाही, माहीत नाही. म्हणून मले जायचं हाय."

मारोतराव खाली बसले. मला वाटले, सुटल्या.

मग कस्तुराबाई मायेने म्हणाल्या, "अवो, मंग मायले घेऊन या ना इथं! माह्या घरी दोन खोल्या रिकाम्या हायेत. भाडं नको. माह्या सुना पाहतीन."

"आमी कायले हाओ मंग?" बायांमधून आवाज आला. "रोज एकीकून डबा!"

पुन्हा टाळ्या. या लोकांच्या मनात काही काळेबेरे नव्हते, हे मी लिहून ठेवतो. खोल्या त्यांनी खरेच दिल्या असत्या. पण नीलिमाताईंनी तो प्रयोग आधीच्या हिवाळ्यात केला होता. आईला आठ दिवस खडकदऱ्याच्या खोलीत आणून ठेवले होते. बेबीताई रोज भलत्याच घराच्या ओसरीवर जाऊन बसत आणि आतल्या बायकांना "माह्या घरातून निंगा" म्हणत. मंगरूळपीरच्या त्या एका गल्लीत त्यांच्या पायांना तरी रस्ता माहीत होता. हे सगळे नीलिमाताई सांगू लागल्या, पण शाल आलेली होती. लखनने ती आधीच आणून ठेवली होती, नारळासकट.

"लिवा मॅडम," मारोतराव म्हणाले.

ग्रामसभेचा सचिव ग्रामसेवक असतो. सभेत जे ठरेल ते त्यानेच लिहायचे.

"माझ्या विरुद्धचा ठराव मी कसा लिहू?" त्यांनी विचारले.

"इरुद्ध कुठं हाय?" लखन मोटारसायकलवरून उतरत म्हणाला. "बाजूनं हाय ना!"

सगळी सभा हसली. मारोतराव माझ्याकडे वळले. "साहेब, कायदा काय म्हंते?"

कायदा जे म्हणतो ते मी सांगितले. कार्यवृत्त सचिवांनीच लिहायचे आणि सभेने मंजूर केलेले वगळता येत नाही.

त्या खाली बसल्या आणि लिहू लागल्या. अक्षर नेहमीसारखेच सरळ. 'श्रीमती अंभोरे यांचे काम अत्यंत समाधानकारक असल्याने त्यांची बदली रद्द करण्यात यावी. सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर.' स्वतःच्या स्तुतीतला 'अत्यंत' त्यांनी आधी गाळला होता. मारोतरावांनी वाचून घेताना तो परत घालायला लावला. मग शाल, नारळ, फोटो. फोटो काढणारा पोरगा "मॅडम, हसा" म्हणाला, तेव्हा त्या हसल्या.

परतताना त्या तालुक्यापर्यंत आमच्या जीपमध्ये होत्या. नारळ मांडीवर होता.

"काका, सर्वानुमते लिहिलं मी. त्यात माझं मत धरलं का?"

"सचिवाला मत नसतं, ताई."

"हो. नसतं." नारळ पायाशी ठेवत म्हणाल्या, "त्या एकालाही वाईट म्हणता येईना, पाहा. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

ठरावाची नक्कल घेऊन लखन कुठे कुठे फिरला, मला माहीत नाही. सोमवारी प्रेमसिंग राठोड चार्ज घ्यायला आले, तोवर वरून पत्र आले होते: ग्रामस्थांची भावना लक्षात घेता पुढील आदेशापर्यंत कार्यमुक्त करू नये. राठोडांना दुसरे गाव मिळाले. नीलिमाताई आमच्या साहेबांना भेटल्या. साहेब म्हणाले, "नशीबवान आहात. लोक आमच्याकडे ग्रामसेवक हटवायला मोर्चे आणतात." पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात पुन्हा अर्ज करा, असेही म्हणाले. त्या बाहेर आल्यावर मी प्रमाणपत्रावर दोन आडव्या रेषा मारून 'रद्द' लिहिले.

जुलैत त्या एकदा डबा उघडता उघडता म्हणाल्या, "वाईट काम केलं तर सोडतील का हो काका?"

मला वाटले, गंमत. पण त्यांनी तो प्रयत्न खरेच केला. गावातले फोन उचलणे बंद केले. दाखला मागायला आलेल्याला "उद्या या" म्हटले आणि उद्या परत "उद्या या". कस्तुराबाईंशी तुटक बोलल्या. हे त्या मला सांगत तेव्हा मीही आशेने ऐकत असे.

"मग? तक्रार आली का?"

"कायची तक्रार! गावात दवंडी झाली, मॅडमची तब्येत बरी नाही, कोनी तरास देऊ नका. सुंदरबाई काल तांदुळज्याची भाजी देऊन गेली. म्हणे, रक्त कमी असन तुमचं."

त्या हसल्या, मग डोळ्याला पदर लावला. ऑगस्टमध्ये पाण्याची मोटार जळाली. लोक म्हणाले, मॅडमले सांगू नका, बिमार हाय. आणि बाया हंडे-गुंड घेऊन विहिरीवर गेल्या. ते बघवले नाही म्हणून त्यांनीच मोटार काढायला लावली आणि विनोदकडून रातोरात वाइंडिंग करून आणली. वाईट होण्याचा प्रयत्न तिथे संपला. गावात पाणी आले, म्हणजे पुढच्या वर्षीचाही ठराव आला, हे त्यांना कळत होते आणि मलाही.

रजा मागितली. मंजूर झाली, आणि निवडणुकीच्या कामात रद्द झाली. नोकरी सोडण्याचे विनोदशी बोलून झाले. दुकान भाड्याचे, घराचे हप्ते चालू, आईची औषधे. मला हिशोब मांडून द्या म्हणाल्या. मी कागदावर मांडला, दोनदा मांडला. जमत नव्हते. कागद त्यांच्यापुढे सरकवला, तो त्यांनी न बघताच परत सरकवला.

डिसेंबरात एका रविवारी संध्याकाळी वाशीमच्या बसस्थानकावर त्या भेटल्या. मी पुण्याला जाणाऱ्या मुलाला गाडीत बसवून परत निघालो होतो. त्या मंगरूळपीरहून उतरल्या होत्या, पुढच्या गाडीला वेळ होता. आम्ही बाहेरच्या टपरीवर चहा घेतला.

"आई कशी आहे?" मी विचारले.

"ठीक हाय. जेवते." चहाचा ग्लास त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. "काल मी घरात शिरली. आई पलंगावर होती. मी म्हटलं, आई, मी आली. तर उठून उभी राह्यली. डोक्यावर पदर घेतला. म्हणे, या मॅडम, बसा."

मी माझा ग्लास खाली ठेवला.

"शेजारचे सगळे मले मॅडम म्हणतात ना, ऐकलं असन तिनं. मंग विनोदले म्हणते, मॅडम आल्या तं त्याइले नळाचं सांगा. आपल्या गल्लीत पानी नाही येऊन राह्यलं. पाणी येते हो काका, रोज येते. पण ऐकेना. हात जोडून उभी. म्हणे, लिवून घ्या मॅडम, नाहीतं तुमी इसरता."

"मग?"

"घेतलं लिहून. स्नेहाची वही होती जवळ. अर्जदाराचं नाव इचारलं तं तिनं बरोबर सांगितलं. बेबी इंद्रभान. वाचून दाखवलं, अंगठा घेतला, तवा बसली. मंग म्हणे, तुमाले बी माय असन ना घरी, जा आता, वाट पाहत असन."

खडकदऱ्याच्या बाजूची गाडी फलाटाला लागली. मोबाईल वाजत होता. त्यांनी तो बघितला आणि उचलला. "हो लखनभाऊ, येते ना. सकाळीच पाहते टाकीचं." एका हाताने पिशवी खांद्यावर घेत दुसऱ्या हाताने त्यांनी टपरीवाल्याला पैसे दिले आणि गाडीकडे गेल्या. मी खिशात हात घातला तोवर गर्दी मध्ये आली होती.

मी मार्चअखेर निवृत्त होतो. त्यांची बदली अजून झालेली नाही. त्या चहाचे माझे दहा रुपये त्यांना द्यायचे आहेत.