फैलका बेटावरचा खजूर

माझ्या सुनेला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पोर हाती लागलं नाही. तिसऱ्या वेळी मी रत्नागिरीहून कुवेतला आले आणि मन्नत मानली, की बाळंतपण सुखरूप होईपर्यंत दर गुरुवारी रोजा धरीन. मला साखरेचा आजार. डॉक्टर नको म्हणाला होता, म्हणून घरात कुणाला सांगितलं नाही. अल्लाह माझं ऐकतो की नाही अशी मनात शंका होती. त्या शंकेमुळेच मी एवढी हट्टाला पेटले असावे.

आठव्या महिन्यात सून, शबाना, पडूनच असायची. एका गुरुवारी वैतागून म्हणाली, "अम्मी, तुम्ही दोघं माझ्या पोटाकडे बघत बसू नका. फिरून या. शेजारीण आहे सोबतीला." लेकाला सुट्टी होती. बोटीने आम्ही फैलका बेटावर गेलो. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक लोक इथे येऊन राहिले आणि त्यांनी बेटाला त्यांच्या देशातल्या एका खडकाळ बेटाचं नाव दिलं, असं लेकाने सांगितलं. मला हसू आलं. आमच्या गावचा एकजण इथे कुवेतच्या जहऱ्यात दुकान काढून गावाचं नाव लावून बसलाय. माणूस तेव्हाही असाच!

त्या ग्रीकांच्या देवळाचे दगड बघायची मला भारी हौस. लेक परतीच्या बोटीची वेळ विचारायला गेला आणि मी एकटीच फिरत राहिले. अचानक हातपाय थरथरले, घाम फुटला. पहाटे सहरीला आजाराची गोळी घेतली होती, तेव्हापासून पोट रिकामं. समोर दगडच दगड, माणूस नाही. मी खाली बसले. रोजा मोडला तर पोराचं काय होईल, एवढंच डोक्यात.

तेवढ्यात एक गोरी बाई आली. त्या देवळाचं खोदकाम करणारी, ग्रीसची. दुपारी तिच्याबरोबरचे सगळे निघून गेले होते, पण ब्रश विसरला म्हणून ती परत आली होती. मजुरांकडून शिकलेल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "अम्मा, खाओ." हातात खजूर.

"रोजा आहे," मी म्हटलं.

"खुदा बाद में. पहले खाओ."

गावात कुणी असं बोललं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं. पण मी खाल्लं. तीन खजूर.

लेक धावत आला, मला खूप बोलला. जरा बरं वाटल्यावर मी त्याच्याकरवी बाईला विचारलं, "हे लोक इथे काय मागायचे?" ती म्हणाली, इथे एक दगड सापडला, त्यावर मागणं नाही, आभार आहेत. समुद्रातून वाचून आलेल्यांनी देवाचे मानलेले.

 मी तर अल्लाहला आधीच अट घालून बसले होते.

आजारी माणसाला रोजाची सक्ती नाही, हे लहानपणापासून ठाऊक होतं मला. तरी हट्ट. त्या बाईचा ब्रश कुणी विसरायला लावला, ते मी कुणाला पटवायला जात नाही. शबानाला अजून तीन आठवडे आहेत. काय होईल ठाऊक नाही. आता गुरुवारी रोजा न धरता सकाळी मी एक खजूर खाते, अल्लाहचे आभार मानून शुक्र म्हणते आणि तिच्यासाठी पेज टाकते. बाकीचं त्याच्याकडे.