दुधाच्या टाकीची किल्ली

आमच्या द्रेनोवित्सा गावात कुणी नुसतं "कसं काय?" विचारलं, तरी समोरचा आधी विचार करतो की ह्याला माझ्याकडून काय हवंय. मी काही वेगळा नाही. मी गावात दुकान चालवतो. तराजूचं तोंड कायम गिऱ्हाइकाकडे ठेवतो, तरी निम्मी माणसं घरी जाऊन साखर पुन्हा तोलतात. पण संशयाच्या बाबतीत आम्हा सगळ्यांची गुरू म्हणजे त्रेंदाफिला. आम्ही तिला त्रेंदाअक्का म्हणतो. डॉक्टरने दिलेली गोळी ती आधी कोंबडीला घालते, असं गावात म्हणतात. ती कोंबडी मी पाहिलेली नाही. अक्काला पाहिलंय, म्हणून माझा त्यावर विश्वास आहे.

तिला हसण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. ती दहा वर्षांची होती तेव्हा सरकारने घरोघरची गुरं गोळा करून सहकारी शेतात घातली. तिच्या बापानेही सही केली आणि सिव्का नावाची करडी गाय त्यांच्या हवाली केली. गायीला सहीचं काय कळणार? संध्याकाळी कळप कुरणातून परतताना सिव्का त्यातून फुटायची, गल्लीत वळायची आणि आपल्या फाटकापाशी येऊन उभी राहायची. मग बाप काठी घेऊन बाहेर यायचा आणि तिला हाणून कळपात पिटाळायचा. अख्खा उन्हाळा हे चाललं. पुढे गाय वळेनाशी झाली. अक्का मात्र बापाशी तो मरेपर्यंत नीट बोलली नाही. "कोडगा होता," एवढंच म्हणायची.

मोठी झाल्यावर ते सहकारी शेत मोडताना तिने पाहिलं. गुरं परत वाटली, तेव्हा अध्यक्षाच्या भावाला ट्रॅक्टर मिळाला आणि अक्काला एका डोळ्याने आंधळी कालवड. नंतर बँका बुडाल्या. सगळं गाव बुडालं, फक्त अक्का वाचली, कारण तिने बँकेची पायरी कधी चढलीच नव्हती. दुधाने तोंड पोळलेली बाई ताक फुंकून पीत होती, आणि दर वेळी ताकही गरमच निघत होतं. अशा माणसाला कोण काय समजावणार?

आपला देश युरोपच्या बाजारात जायचा होता, त्याच्या आधीच्या शरद ऋतूत शहरातल्या डेअरीचा माणूस आमच्याकडे आला. गोचेव त्याचं नाव. माझ्या दुकानासमोर त्याने गाव गोळा केलं.

"जानेवारीपासून किटल्यांतलं दूध बंद," तो म्हणाला. "तुम्ही सगळ्यांनी मिळून थंड टाकी बसवायची. सगळ्यांचं दूध एकत्र. आमची गाडी फक्त टाकीतलंच उचलणार. एकाचं खराब निघालं, तर सगळ्यांचं गटारात."

"म्हणजे सहकारी शेतच की!" म्हातारा अतानास ओरडला.

"नाही हो आजोबा. हे युरोप आहे."

"तेव्हा आलेला माणूसही असाच गोड बोलायचा. कोटसुद्धा असलाच होता."

लोक हसले, पण हसून गाडी थोडीच येते? तरणी पोरं सगळी स्पेनला स्ट्रॉबेरी तोडायला गेलेली. मागे उरल्या म्हाताऱ्या आणि गाई. एवढं दूध पिणार कोण? गाडी थांबली की गाई कसायाच्या दारात, हे सगळ्यांना कळत होतं. कुरकुरत का होईना, टाकी आली.

खरं भांडण पेटलं ते टाकीच्या किल्लीवरून. सरपंचाचं नाव आलं, तर तो आधी स्वतःचंच दूध मोजेल म्हणाले. माझं नाव आलं, तर म्हणे, "बोझिदार? तो साखरेत वाळू घालतो, दुधात काय घालेल देव जाणे." शेवटी म्लादेन उठला. हा म्लादेन मागे एकदा दुधात पाणी घालताना सापडला होता, तेव्हापासून गावात काही हरवलं तरी लोक त्याच्याकडे बघायचे.

"त्रेंदाअक्काला द्या किल्ली," तो म्हणाला. "ती कुणावरच विश्वास ठेवत नाही. माझ्यावर तर मुळीच नाही."

सगळे हसले, आणि सगळ्यांना पटलंही. अक्काने किल्ली दोरीत ओवून गळ्यात घातली. रोज सकाळी ती टाकीच्या दारात उभी राहायची. येईल ती बादली हुंगायची, बोट बुडवून चाखायची. सख्ख्या जावेची बादली तिने एका केसासाठी परत पाठवली. दूध चांगलं जात होतं, भाव थोडा वाढला होता, आणि वसंत येईपर्यंत गावात कधी नव्हे ते लोक एकमेकांशी बरं बोलू लागले होते.

मग पाऊस लागला. गोठ्यांत चिखल झाला आणि गाईंच्या कासा दगडासारख्या होऊ लागल्या. डॉक्टरीणबाई रालित्सा आल्या, कितीतरी गाईंच्या सडांत त्यांनी औषध सोडलं आणि प्रत्येकाला बजावलं, "रविवारपर्यंत हिचं दूध ओतून द्यायचं. थेंबही टाकीत नाही." अक्काच्या बेल्कालाही औषध दिलं होतं, म्लादेनच्या शार्कालाही.

रविवार यायच्या आधीच डेअरीचा निरोप आला. आमच्या दुधात औषध सापडलं होतं, सगळं दूध ओतून दिलं होतं. पुन्हा असं झालं तर गाडी येणार नव्हती.

गाव पुन्हा माझ्या दुकानासमोर जमलं. कुणी नाव घेतलं नाही, सगळ्या माना आपोआप म्लादेनकडे वळल्या.

"मी ओतून दिलं!" तो म्हणाला. "नेवेनाला विचारा."

"बायकोची साक्ष!" अतानास म्हणाला.

"अक्का, तू सांग. तू रोज हुंगतेस माझी बादली."

अक्का गळ्यातल्या दोरीशी चाळा करत होती. "औषधाला वास नसतो," ती म्हणाली आणि गप्प बसली. एका केसासाठी जावेला घटकाभर झापणारी ही बाई एका वाक्यात गप्प? मला तेव्हाच शंका आली होती. पण आमच्याकडे शंका सगळ्यांनाच सगळ्यांची येते, तिचं काय लोणचं घालायचं?

म्लादेनला टाकी बंद झाली. त्याने चीज करून माझ्याकडे आणलं, पण युरोपच्या नव्या नियमाने आता सरकारी शिक्क्याशिवाय चीज दुकानात ठेवता येत नव्हतं. मी हात जोडले. पंधरवड्यात कसायाचा दलाल आला आणि शार्काला गाडीत चढवून घेऊन गेला. तिचं हंबरणं खालच्या पुलापर्यंत ऐकू येत होतं. नेवेना रिकामी बादली घेऊन फाटकात उभी होती.

दुसऱ्या सकाळी लोक दुकानात कॉफी पीत बसले असताना अक्का आत आली. बसली नाही.

"ते औषध बेल्काच्या दुधात होतं," ती म्हणाली. "डॉक्टरीण म्हणाली रविवारपर्यंत ओतून दे. मला वाटलं, हा डेअरीचाच डाव. मोठ्या गोठ्यांचं दूध घ्यायचं आणि आमच्यासारख्यांना ओतून द्यायला लावायचं, म्हणजे आम्ही कंटाळून गाय विकू. मी हुंगलं, चाखलं. काही नव्हतं. ओतलं टाकीत. म्लादेननं काही केलं नव्हतं. कुंपणानंच शेत खाल्लं."

अतानासने पेला खाली ठेवला.

"काय देऊ केलंय गं म्लादेननं तुला?"

"काय?"

"स्वतःवर कुणी फुकट घेतं होय? आणि ते तू? पाणी कुठंतरी मुरतंय."

"खरंच सांगते रे. देवाशपथ."

"बघा, आता शपथासुद्धा घालायला लागली," सरपंच म्हणाला.

अक्का एकेकाच्या तोंडाकडे बघत गेली. जन्मभर तिने आम्हाला ज्या नजरेने पाहिलं, त्याच नजरेने आम्ही तिच्याकडे बघत होतो. मला तिची फार दया आली, आणि खोटं कशाला सांगू, थोडी शंका मलाही आली. तिने गळ्यातली किल्ली काढून माझ्या तराजूशेजारी ठेवली आणि निघून गेली. किल्लीला कुणी हात लावला नाही. जो आधी उचलेल त्याच्या मनात काहीतरी असणार, असं प्रत्येकाला वाटत होतं.

थोड्या वेळाने ती बेल्काला घेऊन रस्त्याने आली. आम्ही सगळे दारात. ती सरळ म्लादेनच्या फाटकात गेली आणि दावं त्याच्यापुढे धरलं.

"घे. तुझी."

म्लादेनने हात मागे घेतले. "अक्का, हिला काय झालंय? आजारी आहे का?"

"धडधाकट आहे."

"मग देतेस कशाला?"

अक्काने दावं तसंच धरून ठेवलं. शेवटी नेवेनाने पुढे होऊन दावं घेतलं. माझ्यामागे अतानास पुटपुटला, "आता गायसुद्धा देतेय. म्हणजे भानगड मोठीच आहे."

त्या संध्याकाळी मी दुकानाच्या फळ्या लावत होतो. कळप कुरणातून परतत होता. बेल्का त्यातून फुटली, आमच्या गल्लीत वळली आणि अक्काच्या फाटकाला नाक लावून उभी राहिली. जरा थांबून हंबरली.

अक्का बाहेर आली. हातात काठी होती.

"अक्का, आजची रात्र राहू दे गं," मी म्हणालो. "उद्या सोडू तिकडं."

"आज आत घेतली तर रोज येईल."

तिने काठी उगारली. बेल्काला वाटलं पाठ खाजवणार, ती आणखी जवळ सरकली. अक्काने मारलं. गाय हलली नाही. तिने पुन्हा मारलं, जोरात, तेव्हा बेल्का दचकून मागे सरली आणि मान वळवून वळवून बघत म्लादेनच्या घराकडे निघाली.

काठी टेकून अक्का फाटकात उभी राहिली. तोंड सगळं ओलं होतं, पुसायचं तिला सुचत नव्हतं.

"बोझिदार," ती म्हणाली, "मी त्या उन्हाळ्यात कायम गायीकडंच बघत होते रे. बापाच्या तोंडाकडं एकदाही बघितलं नाही."