मोकळ्या तारखेची वॉरंटी

माझ्या बायकोची पीएच.डी. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर झाली.

हे मी कौतुकाने सांगत नाहीये, कबुली देतोय. कारण तिच्यासाठी खास अमेरिकेतून आणलेला, तीन वर्षांच्या जागतिक वॉरंटीचा लॅपटॉप घरात असताना ही वेळ आली, आणि ती माझ्यामुळे आली.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. आम्ही धुळ्याला देवपुरात राहायचो. मी विमा कचेरीत कारकून (लोकांना पॉलिसीमागची बारीक अक्षरं वाचून दाखवायची आणि त्यांचा हिरमोड करायचा, हे माझं काम) आणि शोभा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. केळीवरच्या करपा रोगावर तिचं संशोधन पाच वर्षं चालू होतं. माहेर सावद्याचं, घरच्याच केळीच्या बागा, त्यामुळे रोगाला तोटा नव्हता. वह्यांचा ढीग साचला होता. पण तिचे मार्गदर्शक सर येत्या जूनअखेर निवृत्त होणार होते. त्याआधी प्रबंध विद्यापीठात गेला नाही, तर नवे सर शोधा आणि ते म्हणतील तिथून पुन्हा सुरुवात करा.

धुळ्यात टायपिस्ट होते. पण करप्याच्या बुरशीचं लॅटिन नाव प्रत्येकाने आपापल्या श्रद्धेनुसार टाइप केलं असतं. साधा कॉम्प्युटर घ्यावा, तर आमच्याकडे वीज पाहुण्यासारखी, आली की जायच्याच गडबडीत. म्हणून शोभाचा धाकटा भाऊ विलास, जो अमेरिकेत इंजिनिअर होता, फोनवर म्हणाला, "अक्काला लॅपटॉपच हवा. बॅटरीवर चालतो, लाइट गेली तरी काम थांबत नाही. मी दिवाळीला येतोय. दाजी, इथून घेऊ की येताना सिंगापूरला घेऊ? तिकडे बराच स्वस्त मिळतो."

त्याने हा प्रश्न मला विचारायला नको होता. मला वस्तू विकत घेण्यापेक्षा घेण्याचा विचार करायला जास्त आवडतं. आमचा मिक्सर मी सात महिन्यांच्या अभ्यासानंतर घेतला होता.

"घाई करू नकोस," मी म्हणालो. "बिघडला तर दुरुस्त कोण करणार, ते आधी बघू."

या बाबतीत माझे गुरू म्हणजे माझे सासरे, आबा. ते तेव्हा आमच्याकडेच आले होते. पाच विहिरींवर मोटारी बसवलेला माणूस. ते म्हणाले, "जवाईबुवा, मोटार घ्याच्या आधी मी दुकानात जातच नाही. आधी वायंडिंगवाल्याकडे जातो. त्याले इचारतो, कोन्ती मोटार तुह्याकडे कमी येते? जी कमी येते ती घेतो."

मला हे इतकं पटलं की दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं पाचव्या गल्लीतल्या सुका आप्पांकडे गेलो. आप्पा टीव्ही-रेडिओ दुरुस्त करायचे. मी त्यांना विलासने पाठवलेल्या माहितीपत्रकातला फोटो दाखवला.

"हाई काय शे?" आप्पा म्हणाले.

"लॅपटॉप. कुठल्या कंपनीचा तुमच्याकडे कमी येतो?"

आप्पांनी फोटो उलटा करून मागची बाजू पाहिली. "आजलोंग एकबी उना नही. पन माल आना, उघाडीसन दखू. बठ्ठा वायरीसना खेळ शे." (म्हणजे, माल आणा, उघडून बघू, सगळा वायरींचाच खेळ.)

"एकही आला नाही," आबा समाधानाने म्हणाले. "म्हंजे सगळ्याच कंपन्या चांगल्या."

मग मी एसटीडी बूथवरून माहितीपत्रकातल्या कंपनीच्या मुंबईच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला. पलीकडे एक बाई होत्या. मी विचारलं, "तुमच्याकडे कुठल्या देशातून घेतलेले लॅपटॉप दुरुस्तीला कमी येतात?"

"सर, तुमचा लॅपटॉप बिघडलाय का?"

"नाही. अजून घ्यायचाय."

बाईंनी माझा प्रश्न माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतला. (बूथमधला मीटर तेवढ्यात पळत होता.) पण स्वभावाने भल्या. त्यांनी नीट समजावून सांगितलं. सिंगापूरच्या दुकानात स्वस्त मिळणारं मॉडेल बिघडलं, तर वॉरंटीसाठी ते सिंगापूरलाच न्यावं लागेल. अमेरिकेत मिळणाऱ्याला जागतिक वॉरंटी आहे, ते मुंबईतही दुरुस्त करून मिळेल. कार्ड तेवढं भरून पाठवायचं. सावद्याहून सिंगापूरला केळीसुद्धा जात नव्हती, तर लॅपटॉप कुठे पाठवणार? निर्णय झाला. अमेरिका.

इथवर मी शहाण्यासारखा वागलो होतो. घोटाळा पुढे झाला, आणि तो आमच्या धुळ्याच्या रिवाजामुळे झाला.

आमच्याकडचे दुकानदार माणुसकीचे. पंखा घ्या, मिक्सर घ्या, दुकानदार वॉरंटी कार्डावर शिक्का मारतो, सही करतो आणि तारखेची जागा मोकळी ठेवतो. "राहू द्या भाऊ, बिघडल्यावर टाकू." आमचा सात महिन्यांच्या अभ्यासाचा मिक्सर त्यामुळे चार वर्षं पहिल्या वर्षातच होता. मी विलासला फोनवर बजावलं, "दुकानदाराला सांग, तारीख मोकळी ठेव म्हणावं."

"दाजी, इथे असं सांगितलं तर मला पोलिसात देतील."

पण दिवाळीला लॅपटॉप आला, खोकं उघडलं, आणि आत जे जाड कार्ड निघालं, त्यावर तारखेची जागा चक्क मोकळी होती! मी गहिवरलो. माणसं शेवटी सगळीकडे सारखीच.

"ते तुम्ही भरून पाठवायचंय," विलास म्हणाला. "नव्वद दिवसांच्या आत. विसरू नका."

"मी विमा कचेरीत आहे, मला कार्डं शिकवू नकोस," मी म्हणालो. तो भाऊबीज करून परत गेला आणि मी विचार केला. कार्ड पाठवलं की वॉरंटी सुरू. सुरू झाली की संपायला लागणार. शोभाच्या शेवटच्या नोंदी जानेवारीपर्यंत चालणार होत्या, मग आतापासून वॉरंटी कशाला खर्ची घालायची? मी लॅपटॉप त्याच्या फोममध्ये परत बसवला, खोक्यावर प्लास्टिक, त्यावर जुन्या चादरीचा तुकडा, आणि सगळं लोखंडी कपाटात. किल्ली जानव्याला लावायची तेवढी बाकी होती.

"अहो, मला हात तरी बसवू द्या," शोभा म्हणायची. "मला टाइपिंग येत नाही अजून."

"संक्रांतीनंतर."

संक्रांत झाली. मी म्हणालो, "आधी सगळं हाताने लिहून काढ. मग एकदाच उघडू, म्हणजे वॉरंटीचा दिवस न् दिवस कामी येईल." शोभा शांत बाई. तिने हाताने चार प्रकरणं लिहिली. शेवटी मार्चमध्ये, मी कचेरीत असताना, तिने कुलूपवाल्याला बोलावून कपाट उघडवलं. (माझ्या बायकोने माझ्याविरुद्ध केलेली ही एकमेव घरफोडी. तिच्या जागी दुसरी असती तर डिसेंबरातच केली असती.)

मी घरी आलो तेव्हा लॅपटॉप टेबलावर चालू होता आणि शोभा एका बोटाने टाइप करत होती. अडीच पानं झाली होती. चेहरा इतका खुललेला की मी रागवायचं विसरलो. म्हटलं, चहा टाकतो. मी गॅस पेटवला आणि लाइट गेली.

"जाऊ दे," मी स्वयंपाकघरातून म्हणालो. "बॅटरी आहे."

जाऊन पाहतो तर पडदा काळा, अडीच पानं गेलेली, आणि शोभा एक बोट तसंच हवेत धरून बसलेली. लाइट आल्यावर पुन्हा लावून पाहिलं. वायर जोडलेली असली की चालायचा, काढली की मेला. ज्या बॅटरीसाठी सगळा खटाटोप केला, तीच गेली होती.

मी मनातून खूश होतो, हे आज सांगायला लाज वाटते. बिघडला म्हणजे आता वॉरंटी वापरायची! मी कार्ड खिशात आणि लॅपटॉप पिशवीत घालून मुंबई गाठली. काचेच्या दारामागे बहुधा त्याच फोनवाल्या बाई होत्या. मी कार्ड पुढे केलं आणि मिक्सरच्या दुकानात म्हणतात तसं म्हणालो, "मॅडम, तारीख आजची टाकू का?"

त्यांनी लॅपटॉपच्या पाठीवरचा नंबर कॉम्प्युटरमध्ये घातला. "सर, हा ऑक्टोबरात विकला गेलाय. कार्ड आलेलंच नाही, त्यामुळे वॉरंटी नोंदवली गेली नाही. आणि बॅटरीत काही दोष नव्हता. तुम्ही किती दिवस वापरला?"

"एक दिवस," मी म्हणालो. मला वाटलं, हे ऐकून त्या कौतुक करतील.

"बॅटरी चार-पाच महिने चार्जच केली नाही की मरते. नवीन बाहेरून मागवावी लागेल. जुलै उजाडेल." आणि त्यांनी माझ्यासमोर पावतीवर बिघाडाच्या कारणापुढे लिहिलं, 'वापर न केल्यामुळे.' एवढी वर्षं लोकांचे दावे मी बारीक अक्षरांवरून नामंजूर केले, पण इतकं स्वच्छ कारण मला कधी सुचलं नव्हतं.

ती पावती घरी दाखवताना वाटलं होतं, शोभा भडकेल. भडकली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "जाऊ द्या हो, तुम्ही चांगल्यासाठीच केलं," आणि वह्यांना दोरी बांधायला लागली. टायपिस्टकडे नंबर लावून आली, तर त्याच्याकडे दोन महिन्यांचं काम पडलेलं. सरांच्या दुरुस्त्या, पुन्हा टायपिंग, जून कसा गाठणार? पाच वर्षं उन्हातान्हात बागा हिंडलेली ती बाई, आणि घोडं अडलं होतं माझ्या काटकसरीपाशी. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. हे गमतीत सांगत नाही.

शेवटी सावद्याला फोन केला आणि आबांना सगळं कबूल केलं. आबांनी ऐकून घेतलं. एवढंच म्हणाले, "जवाईबुवा, केळी पिकली का खायची असते. तिले कपाटात कोनी ठिवते का? पाठवा पोरीले अठी."

मे महिन्यात कॉलेजला सुट्टी लागली आणि आम्ही सावद्याला गेलो. मीही साठवलेली सगळी रजा घेतली (तीही मी कधी वापरत नसे). आबांचा वायंडिंगवाला तुकाराम इन्व्हर्टर घेऊन आला होता. त्याने ट्रॅक्टरची बॅटरी काढली, इन्व्हर्टर जोडला, त्याला लॅपटॉपची वायर. आयुष्यात पहिल्यांदा लॅपटॉप पाहणाऱ्या त्या माणसाने तो वीस मिनिटांत चालू करून दिला.

"घ्या अक्का," तो म्हणाला, "आता लाइट जाऊ दे नाही तर राहू दे."

बाहेर ऊन नुसतं भाजत होतं, पण केळीच्या बागेत, विहिरीजवळच्या सावलीत गारवा. तिथे टेबल टाकून शोभा टाइप करायला लागली. आजूबाजूला सगळी करप्याचीच पानं, त्यामुळे काही अडलं की उठून बघून यायची. अडचण एकच होती. मशागतीचे दिवस, आबांना ट्रॅक्टर हवा. मग असं ठरलं की सकाळी बॅटरी ट्रॅक्टरवर, नांगरटीत ती चार्ज होणार, आणि दुपारी शोभाकडे. ती शेतातून बागेपर्यंत आणायची आणि सकाळी परत न्यायची जबाबदारी घरातल्या एकमेव रिकाम्या माणसाकडे आली.

ती बॅटरी उचलून पाहिल्याशिवाय तिचं वजन कळत नाही. चौथ्या दिवशी माझी कंबर धरली. सहाव्या दिवशी आबांनी मला शेणाच्या लोखंडी ढकलगाडीवर बॅटरी ठेवून नेताना पाहिलं आणि शेजारच्या शेतकऱ्याला ओळख करून दिली, "हे आमचे जवाई. विम्यात साहेब आहेत." शेजाऱ्याने दुसऱ्या दिवशी चाकाला वंगण आणून दिलं.

दीड महिना मी ती गाडी ढकलली. जूनच्या शेवटच्या आठवड्यात शोभाने शेवटचं पान टाइप केलं, सरांनी सही केली, आणि जळगावला विद्यापीठाच्या खिडकीवर तिने प्रबंधाच्या प्रती दिल्या. बाहेर आल्यावर तिने माझा हात धरला. भर रस्त्यात, दिवसाउजेडी. "तुम्ही बॅटरी आणली नसती तर झालं नसतं," असं म्हणाली. ती खरंच तसं मानते. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

पुढे ती डॉक्टर झाली आणि आमच्या लॅपटॉपची कीर्ती देवपूरभर पसरली. एके दिवशी शेजारचे कुलकर्णी मास्तर पत्नीला घेऊन आले. त्यांचा मुलगा सिंगापूरला निघाला होता आणि लॅपटॉप आणणार होता. मास्तर माझ्याच जातकुळीचे. त्यांच्या टीव्हीच्या पडद्यावरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं.

"तुमचा यातला अभ्यास आहे," ते मला म्हणाले. "वॉरंटीच्या आणि दुरुस्तीच्या दृष्टीने कुठला देश बरा?"

मी घसा साफ केला. पण माझ्याआधी शोभाच बोलली.

"देश कुठलाही चालेल मास्तर. फक्त लॅपटॉप घरात आला की तुम्ही महिनाभर आबांकडे सावद्याला जाऊन राहा."

मी हसलो. मास्तरांच्या पत्नी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी ते मनावर घेतलं आणि लॅपटॉप आला त्याच दिवशी मास्तरांची बॅग भरली. मास्तरांना अनोळखी गावी करमायचं नाही, म्हणून मग त्यांच्या सोबतीला कोणाला तरी पाठवावं असं दोन्ही बायकांचं एकमत झालं. योगायोगाने त्याच आठवड्यात आमच्याकडे नवीन वॉशिंग मशीन येणार होतं, त्यामुळे मी गेलो.