नहराच्या दाराला घातलेला हार

आमच्याकडे कालव्याला नहर म्हणतात. नहराच्या टोकाला ज्याचं शेत असतं, त्याला लोक ‘कसं काय?’ असं जरा हलक्या आवाजात विचारतात, जसं आजाऱ्याला विचारावं. माझ्या थोरल्या भावाचं शेत असं टोकाला आहे. मी जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर साकोलीला घर बांधलं, त्यामुळे शेतीबद्दल माझी मतं ठाम आहेत. भावाला मतं नाहीत, धान आहे.

पूर्वी पाण्याची पाळी आली की टोकाकडची माणसं भाकरी बांधून नहराच्या काठानं वर जायची आणि शेतात पाणी घ्यायच्या एकेका मोरीपाशी ठाण मांडायची. वरच्यानं जास्त वेळ पाणी घेतलं की भांडण ठरलेलं. नहराच्या चौकीदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. तोही परतफेड करायचा आणि मग दार उघडायचा. पद्धत मागासलेली होती यात शंका नाही. पण पाणी यायचं.

मग सुधारणा झाली. मोठ्या नहरातून आमच्या गावाकडे जो छोटा फाटा फुटतो, त्याच्या तोंडाशी आपोआप चालणारं लोखंडी दार बसलं. दाराच्या खालच्या अंगाला एका खांबावर पांढरा डबा, पाण्यावर ओणवा झालेला. तो वरूनच पाण्याची उंची मोजतो. फाटा भरला की दार खाली, पाणी उतरलं की दार वर. हातानं फिरवायचं चाक काढून नेलं. चौकीदाराची बदली झाली. आता शिवी द्यायलाही कुणी उरलं नव्हतं.

उद्घाटनाला मंडप घातला. भाषणांत पाण्याच्या थेंबाथेंबाचं महत्त्व इतक्या वेळा सांगितलं गेलं की तहान लागली. पाहुण्यांनी नारळ फोडला, दाराला हळदकुंकू वाहिलं. हार कुठे घालावा असा प्रश्न पडला, कारण दाराला मान नव्हती. डब्याला होती. पाहुण्यांनी झेंडूचा चांगला जाडजूड हार डब्याला घातला आणि तो डब्याच्या तोंडाखाली लोंबू लागला. त्याबरोबर दार हळूहळू खाली आलं. कुणी बटण दाबलेलं नव्हतं. मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला.

“अबे, हे तं बंद होऊन राहिलं,” भाऊ म्हणाला.

“दाखवून राहिले,” मी म्हणालो. “उघडतीन आता.”

उघडलं नाही.

उन्हाळी धान तेव्हा पोटरीत होता, लोंब अजून ताटाच्या पोटात. लोंब बाहेर पडायच्या वेळी बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी नसेल तर दाणा भरत नाही, नुसतं टरफल उरतं. पोटरीतल्या धानाला कळ काढता येत नाही. फाट्यावरच्या बाकीच्यांकडे बोअर आहेत, म्हणून ते शांत होते. भावाकडे बोअर नाही. त्याच्या बांधीला भेगा पडू लागल्या, तसे आम्ही दोघं भंडाऱ्याला पाटबंधाऱ्याच्या कार्यालयात गेलो.

साहेब सज्जन होते. त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवला. त्यावर आमचा फाटा निळाशार, काठोकाठ भरलेला होता.

“पाणी पूर्ण दाखवतंय,” ते म्हणाले.

“साहेब, मी तिथूनच येऊन राहिलो. त्यात कुत्रं झोपलं हाय.”

साहेबांनी पुन्हा स्क्रीन नीट पाहिला. त्यात कुत्रं नव्हतं.

परतताना आम्ही दारापाशी गेलो. माणसाची गरज नसलेल्या त्या यंत्राभोवती कुंपण होतं आणि कुंपणापाशी दार बसवणाऱ्या कंपनीचा पहारेकरी होता. तो आमचं ऐकून हसला.

“काका, सारं त्या हारानं झालं. डबा खाली पाहते, तं त्याले हारच दिसते. त्याले वाटते पाणी नाकापर्यंत आलं. कंपनीत फोन केला मी. मिस्त्री येईन म्हणते पुण्याहून.”

“मंग तूच काढ ना.”

“मायी नोकरी जाईन. पाहुण्यायच्या हातचा हार हाय. तुमी काढा, मी तिकडं पायतो.” आणि तो खरोखर पाठ करून उभा राहिला.

कुंपणाबाहेरून बांबू पोचत होता. भावानं बांबू उचलला, थोडा वेळ धरला आणि खाली ठेवला.

“काहून?” मी विचारलं.

“पूजेचा हार हाय. सुकल्याबिगर काढत नाही आपल्यात. अन् काढला तं उद्या गाव म्हणीन, टोकावाल्यानं पाहुण्यायचा हार ओढला.”

“भाऊ, धान मरून राहिला तुया.”

“झेंडू हाय. सुकते लवकर.”

मी बांबूला हात घातला, तर त्यानं बांबूवर पाय ठेवला. “तू साकोलीले जाशीन. मले अथीच रायाचं हाय.”

पहारेकरी पाठमोराच बोलला, “काका, तो नाही सुकत. पिलास्टिकचा हाय.”

प्लास्टिकचं निर्माल्य कधी होतं, याबद्दल शास्त्र काही सांगत नाही. भाऊ मला घेऊन सरपंचाकडे गेला. सरपंच म्हणाला, “पाहुण्यायले इचारून सांगतो.” पाहुणे मुंबईला होते आणि कामात होते. मी संतापून बोललो, पुस्तकातले दाखलेही दिले. सरपंचानं चहा पाजला.

मिस्त्री आला तेव्हा त्यानं कुणालाच विचारलं नाही. पकडीनं हार तोडला, कुंपणावर टाकला आणि तो पानठेल्याकडे गेला. दार वर उचललं गेलं.

तोवर लोंबा बाहेर पडल्या होत्या, पांढऱ्याफटक. भरलेली लोंब वाकते, पोचट ताठ उभी राहते. लांबून भावाचं शेत मोठं स्वाभिमानी दिसत होतं. भावानं गुराख्याला बोलावलं आणि गावची गुरं आत सोडायला सांगितली. गुरांना हार, पाहुणे, शास्त्र यांतलं काहीच आड आलं नाही.

पुढे कार्यालयानं कळवलं की नव्या दारामुळे या हंगामात पाण्याची बचत झाली. खोटं नाही ते. भावाच्या धानाचं सगळं पाणी वाचलं होतं.

त्या दिवशी मात्र गुरं चरत असतानाच टोकापर्यंत फाट्याला पाणी आलं. चांगलं भरून, गढूळ, काड्याकुड्या वाहत. भाऊ मोहाच्या झाडाखाली फाट्याकडे पाठ करून बसला होता. पाण्याचा आवाज त्यालाही आला असणार, पण त्यानं मान वळवली नाही. मोरी उघडायलाही कुणी उठलं नाही. वहिनी घरून मोठं गाठोडं डोक्यावर घेऊन आली. मी काठावर उभा होतो.

“भाऊजी, सरका जरा,” ती म्हणाली. “आलंच हाय तं चादरी धुवून घेतो.”

मी सरकलो. तिनं पदर खोचला आणि पहिली चादर पाण्यात बुडवली.