लांबच्या नळाचं पाणी

माझी मावशी वाचनालयात शिपाई होती. कागदावर शिपाई, प्रत्यक्षात सगळंच. सकाळी कुलूप उघडायची, वर्तमानपत्रं काठ्यांना लावायची, फाटक्या पुस्तकांच्या पाठी खळीने चिकटवायची आणि वाचता वाचता डुलकी लागलेल्या म्हाताऱ्यांना हळूच हलवून म्हणायची, "आजोबा, पान उलटा. मघापासून तेच चाललंय." ग्रंथपालसाहेब महिनाभर रजेवर गेले तरी कुणाला कळायचं नाही. मावशी एक दिवस आली नाही की सगळ्यांचे हाल.

काका, म्हणजे तिचे यजमान, कापडाचे रंग बनवणाऱ्या कारखान्यात होते. माणूस अबोल, पण बोलला की हसवून जायचा. त्यांना मूल नव्हतं. ती जागा शेजारच्या भिंगरीने भरून काढली होती. भिंगरी सिस्टरची मुलगी. सिस्टर दवाखान्यात नर्स होती, नवरा सोडून गेलेला, ड्यूटी कधी सकाळची तर कधी दुपारची. त्यामुळे पोर मावशीकडेच वाढली. घडीभर एका जागी बसायची नाही, म्हणून काकांनीच तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली आणि मग शाळेतसुद्धा तेच नाव पडलं.

गल्लीच्या तोंडाशी, नदीच्या काठावर एक हापसा होता. सगळी गल्ली तिथलं पाणी भरायची. मावशी मात्र बाजाराजवळच्या नळावरून आणायची, दहा-बारा मिनिटांची चाल. काकांना हापशाच्या पाण्याची चव आवडत नाही, एवढंच तिला माहीत होतं. सिस्टर चिडवायची, "राजा माणूस गं तुझा नवरा! आमचं पाणी घशाखाली उतरत नाही त्याच्या." मावशी हसायची आणि कळशी घेऊन पुढे निघायची.

सातव्या वर्षी भिंगरीचे पाय सुजले. मग तोंड सुजलं. मूत्रपिंडं निकामी झाली होती. चार महिने दवाखाना झाला आणि पोर गेली. डॉक्टर म्हणाले, पाण्यातून काही पोटात गेलं असेल, पण खात्रीनं सांगता येत नाही. त्या दिवसापासून काकांचं होतं नव्हतं ते बोलणंही संपलं. दीड वर्षाने एका सकाळी ते उठलेच नाहीत. लोक म्हणाले, पोरीच्या दुःखाने गेला. मावशीलाही तसंच वाटत होतं.

पुढे दोन वर्षांनी वाचनालयात एक बाई जुनी वर्तमानपत्रं चाळायला आली. नदी आणि कारखान्याचं सांडपाणी यावर माहितीपट बनवला होता तिने, सहा वर्षं खपून. आता तो नदीकाठच्या लोकांनाच आधी दाखवायचा होता. तिने तीन आठवड्यांनंतरच्या रविवारसाठी वाचनालयाचा हॉल मागितला. ग्रंथपालसाहेबांनी हात वर केले. "मला दोन वर्षांत रिटायर व्हायचंय. भानगडी नकोत."

"तुम्ही त्या रविवारी रजा टाका," मावशी म्हणाली. "माझ्याकडे किल्ल्या आहेत."

त्या तीन आठवड्यांत मावशी दहा वर्षांनी लहान झाली होती. मी रोज संध्याकाळी जायचे, तर ती आणि सिस्टर जमिनीवर बसून जाड अक्षरांत पाट्या रंगवत असायच्या. "आपल्या नदीचा सिनेमा. सगळ्यांनी यावे." दोघी घरोघर फिरल्या. कारखान्यावर पोट असलेल्या घरांतून बरंच ऐकावं लागलं. एक फोरमन दारातच म्हणाला, "वहिनी, नवऱ्याचं पेन्शन कुठून येतं तुमचं? खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत."

मावशी म्हणाली, "वासे मोजत नाही भाऊ, घर कोसळतंय का ते बघतेय. तुमची मुलं घेऊन या."

शाळेतून खुर्च्या आल्या. मावशीने खिडक्यांना काळं कापड स्वतः टाचलं. पडद्यासाठी घरातली पांढरी चादर धुऊन इस्त्री केली. फिल्मवालीने आधी बघण्यासाठी पेन ड्राइव्ह पाठवला होता, पण वाचनालयाच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर तो चालेना. मी म्हटलं, माझ्याकडे लॅपटॉप आहे, बघूया. मावशीने झिडकारलं. "सिनेमा काय चोरून बघायचा असतो? सगळ्यांबरोबर बघीन. सिस्टरच्या शेजारी बसून."

रविवारी दुपारी चारला हॉल भरला. तो फोरमनही आला, मागे भिंतीला टेकून उभा राहिला. मावशी आणि सिस्टर पहिल्या रांगेत, मी त्यांच्या मागे. सिस्टरच्या मांडीवर भिंगरीचा फोटो होता, पिशवीत घातलेला.

सिनेमा छान होता. आपली नदी, आपला घाट, आपलाच धोबी पडद्यावर बघून लोक खुदखुदत होते. मग हापसा आला. त्या पाण्याची तपासणी झाली होती. नदीतून झिरपून त्यात काय काय आलं ते एक शास्त्रज्ञ सांगत होता. सिस्टरने मावशीचा हात धरला.

आणि मग ते दृश्य आलं. पहाटेची वेळ, पलीकडच्या काठावरून लांबून घेतलेलं. कारखान्याच्या मागच्या भिंतीशी एक माणूस येतो. तोंडाला फडकं. इकडेतिकडे बघतो आणि वाकून एक मोठं लोखंडी चाक फिरवू लागतो. पाइपातून जांभळं पाणी नदीत पडतं. टाकीत साफ न करताच सोडलेलं पाणी. माणूस क्षणभर त्याकडे बघत उभा राहतो, मग फिरतो.

त्याच्या अंगात निळा स्वेटर होता, आणि डावी बाही कोपरापासून खाली करडी.

तो स्वेटर सगळ्या गल्लीला पाठ होता. विणताना मावशीची निळी लोकर संपली होती, दुकानात तसली मिळेना, म्हणून तिने उरलेली बाही करड्या लोकरीने पुरी केली होती. काकांनी तो अभिमानाने सहा हिवाळे वापरला. "एका तिकिटात दोन स्वेटर," म्हणायचे.

मागून कुणीतरी "अरे, हे तर..." म्हणालं. बस, तेवढंच. पुढची वीस मिनिटं कुणी काय बघितलं देव जाणे. मी मावशीच्या मानेकडे बघत होते. ती हलली नाही. सिस्टरचा हात तिच्या हातातून केव्हा सुटला, मला दिसलं नाही.

दिवे लागले. बिचाऱ्या फिल्मवालीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिने हसून विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?"

मावशी उभी राहिली. लोकांकडे वळली. "तो चाक फिरवणारा माणूस," ती म्हणाली, "माझा नवरा होता. बाकीच्यांनी ओळखलंच आहे. मीही म्हणायला हवं."

फोरमन मागून म्हणाला, "वहिनी, ऑर्डर वरून यायची. तो नाही तर दुसऱ्यानं फिरवलं असतं."

"दुसऱ्यानं नाही फिरवलं ना, भाऊ."

मग सिस्टर बोलली. बसल्या जागेवरून, अगदी हळू, जणू दोघी ओट्यावर गप्पा मारत बसल्यात.

"तू हापशाचं पाणी का नाही भरलंस कधी?"

"ते म्हणायचे, चव बरी नाही."

"आणि तू विचारलं नाहीस."

"नाही."

"भिंगरी शाळेत निघाली की तो तिची बाटली ओतून टाकायचा, आठवतं? तुमच्या माठातलं भरून द्यायचा. रोज. मला वाटायचं, लाड करतोय." सिस्टरचा आवाज तिथे फुटला. "एक बाटली गं. रात्री घरी येऊन ती हापशाचंच पाणी प्यायची, माझ्याच हातचं. त्याला बोलता येत होतं ना? तोंड होतं ना त्याला?"

सिस्टरने पिशवी छातीशी धरली आणि बाहेर गेली. हळूहळू बाकीचेही उठले. मावशी आणि मी खुर्च्या आवरल्या. एकावर एक रचताना ती प्रत्येक खुर्ची पुसत होती.

फिल्मवाली दोन दिवसांनी घरी आली, रडवेली. म्हणाली, मला माहीत असतं तर... ते दृश्य मी काढून टाकते, निदान स्वेटर ओळखू येणार नाही असं करते.

"काढू नका," मावशी म्हणाली. "पोरगी गेली ती काही आपोआप नाही गेली. कुणाच्या तरी हातानं झालं, ते दिसू दे."

पुढे चौकशी बसली. मावशीने जबाब लिहून दिला, काकांच्या नावासकट. फोरमननेही दिला, हे सांगायला हवं. मागचा पाइप बंद झाला, हापशाला कुलूप लागलं. कारखान्याच्या साहेबांपैकी कुणाला काही झालं नाही. गल्लीत बायका मावशीशी बोलायच्या, पण समोरून. ती पाठमोरी झाली की कुजबुज सुरू. कुणी म्हणे, हिला सगळं ठाऊक होतं. बाई पाण्यासाठी एवढी पायपीट करते ती काय उगाच?

एकदा मी धीर करून विचारलं, "मावशी, खरंच कधी शंका आली नाही?"

ती पुस्तकाला खळ लावत होती. "आली असेल," म्हणाली. "तो कामावरून आला की नखं जांभळी असायची. मी गरम पाणी द्यायचे. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, असं वाटतं गं. कदाचित तो वाटच बघत असेल. पण घरात सगळं चांगलं चाललं होतं. पोरगी अंगणात नाचत होती. कशाला विचारायचं?"

काकांचा फोटो तिने भिंतीवरून काढला नाही. मी बघितलंय, ती रोज पुसायची, पण त्याच्याकडे बघायची नाही.

सिस्टर घर सोडून गेली नाही. कुठे जाणार? मधल्या भिंतीतून तिच्या भांड्यांचा आवाज यायचा. जाता-येता गाठ पडायची, सिस्टर मान खाली घालून पुढे जायची. मावशीनेही कधी वाट अडवली नाही. फक्त एकदा, सिस्टर ड्यूटीवरून येत होती, उन्हाने लाल झालेली, तेव्हा वर्षानुवर्षांच्या सवयीने मावशीच्या तोंडून निघून गेलं, "जेवलीस का गं?"

सिस्टर थांबली. "हो," म्हणाली, आणि आत जाऊन दार लावलं.

दोन वर्षांत दोघींमध्ये तेवढंच बोलणं झालं. मावशीने त्याच दिवशी मला फोन करून ते सांगितलं. आठवड्याने मी गेले तेव्हा पुन्हा सांगितलं, जणू आधी सांगितलंच नव्हतं. "थांबली होती," ती म्हणाली. "खोटं बोलली. जेवली नव्हती ती. मला कळतं ना तिच्या चेहऱ्यावरून."